आपल्या भागाचा इतिहास जपणाऱ्यांचा सत्कार करायचाय? मग ही तयारी आधी करा

नोव्हेंबरात १९ ते २५ जागतिक वारसा सप्ताह असतो, त्याच आठवड्यात आम्ही काही जण मिळून पुण्यात गल्लीत, सोसायटीत, मंडळात आपापल्या परीने इतिहास जमवणाऱ्या लोकांचा सत्कार करतो. लोक आपलं काम प्रवेशिका म्हणून पाठवतात, परीक्षक ते बघून निवड करतात. कार्यक्रम छोटा असतो पण यंदा तीन-चार भागांतून विचारणा झाली की आम्हालाही करायचंय, तयारी काय काय लागते, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

आधी तारीख धरा आणि तिथून उलटं मोजत या. प्रवेशिका जूनमध्येच मागवायला घ्या, कारण एकदा गणपती जवळ आले की कार्यकर्ते मंडपात अडकतात आणि ज्यांची कामं बघायची ते बहुतेक हेच कार्यकर्ते असतात. परीक्षकांच्या घरोघरच्या फेऱ्या अनंत चतुर्दशी ते दिवाळी या मधल्या काळात ठेवा, पावसाळ्यात नको, ओल्या हवेत जुने कागद एकमेकांना चिकटतात आणि लोक ट्रंक उघडायला कचरतात ते बरोबरच आहे. हॉल मात्र उन्हाळ्यातच बुक करा, दिवाळीनंतर लगीनसराई लागते.

मग सत्कार नेमका कशाचा करणार ते लिहून काढा, तोंडी नको. आमची पहिल्या वर्षी इथेच चूक झाली. एक देखणं पुस्तक आलं होतं, आर्ट पेपर, जुन्या वाड्यांतले फोटो, आम्ही भारावलो आणि पहिला क्रमांक देऊन मोकळे झालो. कार्यक्रमात त्यातले फोटो पडद्यावर दाखवत होतो आणि तिसऱ्या रांगेतल्या एक आजी एकदम उभ्या राहिल्या, पडद्यावर त्यांच्या आईचा लग्नातला फोटो होता. शेजारच्यांनी दोन दिवसांसाठी म्हणून अल्बम नेला होता, पुस्तकात छापणार आहोत हे कोणी सांगितलंच नव्हतं, कुठे नावही नव्हतं. नंतर त्या स्टेजपाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं." तेव्हापासून आमच्याकडे संमतीपत्राशिवाय प्रवेशिका उघडतच नाही. एक पान पुरतं, मराठीत, ठळक अक्षरात: वस्तू किंवा फोटो कोणता, कुठे वापरणार, नाव द्यायचं की नाही, मूळ वस्तू कधी परत करणार. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्याकडून मुलाखतीच्या सुरुवातीलाच रेकॉर्डिंगवर हो म्हणून घ्यायचं, आणि नंतर कोणी नको म्हणालं तर तो भाग काढायचा, वाद घालायचा नाही.

पुराव्याला आम्ही सगळ्यात जास्त मार्क ठेवतो, शंभरातले चाळीस, आणि पुरावा म्हणजे फक्त कागद असं धरत नाही. पानशेतचं उदाहरण घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, आणि गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या हे सगळ्यांना माहीत असतं. पण एका प्रवेशिकेतल्या पोरांनी काय केलं होतं बघा, पूर पाहिलेल्या माणसांना घेऊन ती त्यांच्या जुन्या वाड्याच्या जागी गेली, पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हाताने दाखवायला सांगितलं आणि तिथे टेप लावून उंची मोजली. एकाच घरातल्या दोन सख्ख्या बहिणींनी दोन वेगळ्या उंच्या दाखवल्या, जवळजवळ दीड फुटाचा फरक. पोरांनी दोन्ही आकडे लिहिले, कोणी कोणता सांगितला तेही लिहिलं आणि खाली नोंद केली की धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. हे बघितल्यावर आमच्या परीक्षकांना दुसरं काही विचारायचंच राहिलं नाही. यातली घाईही लक्षात घ्या, पूर आला तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आता पंच्याहत्तरीच्या घरात आहेत, ही कामं पुढच्या वर्षी बघू म्हणून ढकलायची नाहीत.

जिथे वाद आहे तिथे वाद आहे असं सांगणारं काम वर घ्या. सार्वजनिक गणेशोत्सव भाऊसाहेब रंगारींनी १८९२ ला सुरू केला की टिळकांपासून धरायचा यावर पुण्यात आजही माणसं हिरीरीने बोलतात, तर एखाद्या मंडळाने आपला इतिहास लिहिताना दोन्ही बाजू मांडून आपल्या दप्तरातली जुनी पावतीपुस्तकं आणि सभांचे वृत्तांत समोर ठेवले असतील तर त्याला मार्क द्या, नुसतं "आमचंच मंडळ सगळ्यात जुनं" एवढंच असेल तर नाही.

प्रवेशिका कुठून येतात याकडे डोळ्यात तेल घालून बघा. फॉर्म नुसता ग्रुपवर टाकला की येतात त्या सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतून आणि विषय वाडे, पेशवे, देवळं. ती कामं चांगली असतात, माझं स्वतःचं बालपण कसब्यात गेलंय, पण पुणं तेवढंच नाही. तांबट आळीत मठारकाम (तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवणं) करणाऱ्या घरांकडे हत्यारांची नावं, ठोक्याचे प्रकार तोंडपाठ असतात, ते लिहून घेणारा नातू कधी स्वतःहून फॉर्म भरायला येत नाही, त्याच्याकडे आपण जायचं. फाळणीनंतर पिंपरीला आलेली सिंधी कुटुंबं, कॅम्पातले पारशी, बोहरी, लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्याच्या आसपासच्या ज्यू लोकांच्या आठवणी, खडकीतले कारखान्यातले कामगार, येरवडा, भवानी पेठ, हडपसर, इथे फॉर्म हातात घेऊन फिरा. फॉर्म मराठीत आणि हिंदीत दोन्ही ठेवा, ज्यांना लिहायचं नाही त्यांची व्हॉट्सअॅपवरची व्हॉइस नोट प्रवेशिका म्हणून चालेल असं स्पष्ट छापा, आमच्याकडे सगळ्यात चांगल्या दोन प्रवेशिका अशाच आल्या.

यातच आणखी एक गोष्ट परीक्षकांना आधी समजावून सांगा, कामात कोण राहून गेलंय ते विचारायचं. कॉलेजच्या मुलांच्या एका गटाने नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याचे उच्छ्वास (नळातली हवा बाहेर पडायला बांधलेले मनोरे) आणि शहरातले हौद नकाशावर बसवले होते, मेहनत खरंच मोठी. आमच्यातल्या एका बाईंनी त्यांना विचारलं की कोणत्या हौदावर कोणाला पाणी भरता यायचं? १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, म्हणजे बाकी ठिकाणी काय परिस्थिती होती ते उघडच आहे. मुलं गप्प झाली, पण दोन महिन्यांनी नकाशात नवा रकाना घालून परत आली. त्या वर्षीचा सत्कार त्यांचाच झाला आणि तो मनापासून झाला.

परीक्षक तीन किंवा पाच, सम संख्या नको. एक जण अभ्यासातला हवा, मोडी वाचता येणारं कोणी मिळालं तर फारच उत्तम, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच शहरात आहे आणि मोडी शिकलेली माणसं पुण्यात शोधली की सापडतात. एक जण ग्रंथालयातला, एक शाळेतले बाई किंवा सर, आणि एक तरी असा की ज्याचा इतिहासाशी धंद्याचा संबंध नाही पण भाग पायाखालचा आहे. ज्यांच्या नात्यातली किंवा मंडळातली प्रवेशिका असेल त्यांनी तेवढ्यापुरतं उठून बाहेर जायचं, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका, ऐनवेळी सांगितलं की माणसं दुखावतात. आणि मार्क देण्याआधी जागेवर जाणं सक्तीचं, फाइल बघून घरी बसून मार्क नाहीत.

फेरीला जाताना पिशवीत टेप, टॉर्च, कोरडा सुती रुमाल, मऊ पेन्सिल (जुन्या कागदाजवळ पेन नकोच), चार्ज केलेला फोन. मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकायला मागा, पाच मिनिटं तरी पूर्ण ऐका. पंखा बंद होता का, कुकरच्या शिट्टीत उत्तर बुडालं का, मुलाखत घेणारा मध्ये तोंड घालतो का, सगळं कळतं. स्कॅन किमान ३०० डीपीआयचे आहेत का, फायलींना तारीख-जागा-विषय असं नाव दिलंय का की नुसतं आयएमजी आणि नंबर, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी आहे का, हे विचारा. मी एका घरी विचारलं तर त्या काकांनी पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढला, आत पेनड्राइव्ह, एका रुमालात बांधलेली रेशनकार्डं आणि एका फोटोमागे पेन्सिलने लिहिलेलं "१२-७-६१, सकाळी". तो डबा तेवढा एकच. आम्ही त्याच आठवड्यात सगळं स्कॅन करून दिलं, निकाल लागायची वाट बघितली नाही.

बक्षिसात मानचिन्हावर पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. शाल-श्रीफळ द्या, ती आपली रीत आहे, पण बाकी रकमेची हार्डडिस्क, स्कॅनिंगचा खर्च, कागद ठेवायच्या चांगल्या पेट्या द्या. कामाची एक प्रत भागातल्या वाचनालयात ठेवायचं आधीच बोलून ठेवा, पुणे नगर वाचन मंदिरासारखी १८४८ पासूनची संस्था आपल्या शहरात आहे, तर प्रत घरच्या कपाटातच का राहावी.

सन्मानपत्रावरची नावं छापायच्या आधी त्या त्या माणसाला फोनवर वाचून दाखवा, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा. ज्यांनी आठवणी सांगितल्या, अल्बम दिले, त्यांचीही नावं वाचली गेली पाहिजेत आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा. स्टेजला पायऱ्या असतील तर सत्कार खाली येऊन करा. पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटं, सत्कारमूर्तींना प्रत्येकी सात आणि सोबत एक वस्तू दाखवायला टेबल, टेबलावर पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या दुसऱ्या टेबलावर. वस्तू आली की वहीत नोंद, कोणाची, कोणी आणली, किती वाजता. कार्यक्रम संपल्यावर गप्पा रंगतात, चहा होतो, तेव्हा एका माणसाचं काम फक्त त्या टेबलाजवळ उभं राहणं, आणि प्रत्येक वस्तू त्याच रात्री मालकाच्या घरी पोचवून वहीत समोर सही घेणं.