विस्कॉन्सिनमधील टेक्निकल कॉलेजांची क्षेत्रे आणि विधिमंडळाचे मतदारसंघ : कोणते कोठे येते हे कसे शोधावे

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील प्रत्येक घर एकाच वेळी दोन वेगळ्या हद्दींमध्ये मोडते : विधिमंडळाच्या मतदारसंघात आणि राज्यातील १६ टेक्निकल कॉलेज क्षेत्रांपैकी एकात. पहिल्या हद्दीतून लोकप्रतिनिधी निवडून जातात, तर दुसऱ्या हद्दीनुसार त्या घराच्या मालमत्ता करातील काही रक्कम कोणत्या कॉलेजकडे जाणार हे ठरते. या हद्दी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हेतूंनी आखलेल्या असल्यामुळे त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एखाद्या कॉलेजच्या क्षेत्रात कोणते मतदारसंघ येतात आणि एखाद्या मतदारसंघात किती कॉलेजांची क्षेत्रे येतात, हे विश्वासार्हपणे शोधण्याची रीत पुढे दिली आहे.

प्रथम शब्दांविषयी. इंग्रजीत मतदारसंघ, कॉलेजची हद्द आणि शाळांची हद्द या तिन्हींना ‘डिस्ट्रिक्ट’ हाच शब्द वापरला जातो आणि त्याचे भाषांतर ‘जिल्हा’ असे केले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी उभी राहते. आपल्या जिल्ह्याशी मिळतेजुळते एकक तेथे ‘काउंटी’ हे आहे आणि विस्कॉन्सिनमध्ये अशा ७२ काउंट्या आहेत. म्हणून या लेखात ‘मतदारसंघ’, ‘कॉलेज-क्षेत्र’ आणि ‘शाळा-क्षेत्र’ हे तीन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले आहेत. महाराष्ट्रातील आयटीआयला किंवा शासकीय तंत्रनिकेतनाला कर लावता येईल अशी स्वतःची हद्द नसते. विस्कॉन्सिनच्या टेक्निकल कॉलेजला ती असते आणि यादी करण्याची गरज याच फरकातून निर्माण होते.

यादी कशासाठी हवी, हे आधी ठरवावे

कॉलेज-क्षेत्राचा कारभार एका नऊ सदस्यांच्या मंडळाकडे असतो. त्यात मालकवर्गाचे दोन प्रतिनिधी, कामगारवर्गाचे दोन, एक शाळा-क्षेत्राचा प्रशासक, राज्यातील किंवा स्थानिक संस्थेतील एक निर्वाचित पदाधिकारी आणि तीन इतर सदस्य असतात. मिलवॉकीच्या कॉलेजसाठी मात्र कायद्याने वेगळी रचना ठेवली आहे. हे सदस्य मतदारांनी निवडलेले नसतात. त्यांची नेमणूक काउंटी मंडळांच्या अध्यक्षांची किंवा शाळा मंडळांच्या अध्यक्षांची समिती करते. असे मंडळ मालमत्ता कर लावते, पण तो किती वाढवता येईल याची मर्यादा विधिमंडळ ठरवते. इ. स. २०१४ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने कॉलेजांच्या मालमत्ता करातील सुमारे ४० कोटी ६० लाख डॉलरांचा भार राज्याच्या अनुदानावर नेला, तेव्हापासून कॉलेजांच्या तिजोरीत विधिमंडळाचा वाटा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा झाला आहे. मंडळावर थेट मत देता येत नसताना करदात्याला दाद मागण्यासाठी उरणारा निर्वाचित प्रतिनिधी म्हणजे विधिमंडळाच्या दोन सभागृहांतील, म्हणजे असेंब्ली (कनिष्ठ) आणि सिनेट (वरिष्ठ) यांतील, त्याचा असेंब्ली सदस्य आणि त्याचा सिनेटर. म्हणूनच ही यादी चुकली, तर चुकीच्या दारावर पत्र जाते आणि ज्याचे उत्तरदायित्व आहे तो अनभिज्ञ राहतो. माझ्या मते या कामात काटेकोरपणा ठेवण्याचे हे पुरेसे कारण आहे.

हद्दी न जुळण्याचे मूळ

विस्कॉन्सिनने १९११ मध्ये व्यवसायशिक्षणासाठी कायदा केला आणि पाच हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांना त्यासाठी स्थानिक मंडळे नेमावी लागली. बराच काळ हे शिक्षण शहरांभोवतीच राहिले. इ. स. १९६५ च्या कायद्याने राज्याचा प्रत्येक भाग १९७० पर्यंत कोणत्या ना कोणत्या कॉलेज-क्षेत्रात आणण्याचे बंधन घातले. ही क्षेत्रे बांधताना बहुतेक ठिकाणी शाळा-क्षेत्रांच्या सीमा धरल्या गेल्या. शाळा-क्षेत्रे शाळेच्या सोयीने वाढली असल्यामुळे ती काउंटीची, शहराची किंवा टाउनची (तेथील ग्रामीण स्थानिक संस्थेची) रेषा पाळत नाहीत. म्हणूनच वॉकेशा काउंटी टेक्निकल कॉलेजच्या नावात एकच काउंटी असली, तरी त्याच्या क्षेत्रात शेजारच्या काउंट्यांचेही तुकडे येतात, आणि मिलवॉकीच्या कॉलेजचे क्षेत्र मिलवॉकी काउंटीबाहेरही पसरते. याउलट किनोशा, रसीन आणि वॉलवर्थ या तीन काउंट्यांसाठी असलेल्या गेटवे टेक्निकल कॉलेजचे क्षेत्र समजायला तुलनेने सोपे आहे.

मतदारसंघांची गोष्ट अगदी वेगळी आहे. तेथे लोकसंख्येची समानता सर्वांत वर असते. इ. स. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५८,९३,७१८ होती. असेंब्लीच्या ९९ जागांनी भागल्यास एका मतदारसंघात सुमारे ५९,५३३ लोक येतात. सिनेटच्या ३३ जागांपैकी प्रत्येक जागा नेमक्या तीन असेंब्ली मतदारसंघांची बनते. महाराष्ट्रात लोकसभेचा एक मतदारसंघ विधानसभेच्या सहा मतदारसंघांचा मिळून होतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना लगेच समजेल. क्रमांकही साधे आहेत : सिनेटचा पहिला मतदारसंघ म्हणजे असेंब्लीचे १, २ आणि ३, तर पंचविसावा म्हणजे ७३, ७४ आणि ७५. त्यामुळे काम फक्त असेंब्लीच्या पातळीवर करावे. सिनेटचे उत्तर तीन-तीन ओळींची बेरीज करून मिळते.

कॉलेज-क्षेत्रांना लोकसंख्या समान असण्याचे असे बंधन नाही. ९९ भागिले १६ केले तर एका कॉलेज-क्षेत्रामागे सरासरी सहा मतदारसंघ येतात, परंतु या सरासरीवर विसंबू नये, कारण दाट वस्तीच्या मिलवॉकी क्षेत्रात मतदारसंघांची गर्दी होते, तर उत्तरेकडील ऱ्हाइनलँडरच्या निकोलेट कॉलेजचे क्षेत्र विस्ताराने मोठे असूनही मतदारसंघ थोडेच असतात.

एका पत्त्याचे उत्तर

केवळ एका घराचे उत्तर हवे असेल, तर नकाशाशास्त्राची गरज नाही. डिसेंबरात येणाऱ्या मालमत्ता कराच्या बिलावर काउंटी, नगरपालिका, शाळा-क्षेत्र आणि टेक्निकल कॉलेज यांच्या करांच्या ओळी वेगवेगळ्या छापलेल्या असतात. मिलवॉकी किंवा मॅडिसनच्या परिसरात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हे बिल परिचयाचे असेल. मतदारसंघ शोधण्यासाठी विधिमंडळाच्या किंवा राज्य निवडणूक आयोगाच्या पत्ता-शोध सेवेत घराचा पत्ता घालावा. पोस्टाच्या पत्त्यातील शहराच्या नावावरून किंवा झिप कोडवरून मात्र कधीही निष्कर्ष काढू नये, कारण पोस्टाच्या वाटा या दोहोंपैकी कोणतीच हद्द पाळत नाहीत.

संपूर्ण राज्याचा तक्ता

येथून खरे काम सुरू होते. त्यासाठी तीन नकाशे लागतात : विधिमंडळाच्या तांत्रिक सेवा कार्यालयाने प्रसिद्ध केलेला मतदारसंघांचा नकाशा, कॉलेज-क्षेत्रांचा नकाशा आणि २०२० च्या जनगणनेतील ब्लॉकांची (जनगणनेच्या सर्वांत लहान भौगोलिक तुकड्यांची) लोकसंख्या. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर या कामास पुरते. तिन्ही नकाशे एकाच प्रक्षेपण-पद्धतीत, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एकाच रीतीत, आणावेत. राज्यभराच्या कामासाठी विस्कॉन्सिन ट्रान्सव्हर्स मर्केटर ही पद्धत योग्य ठरते, कारण अक्षांश-रेखांशांवर काढलेली क्षेत्रफळे फसवी असतात.

बहुतेक जण लगेच मतदारसंघ आणि कॉलेज-क्षेत्र यांचा छेद घेऊन प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ मोजतात. हा मोह टाळावा. उत्तरेत शेकोटीपुरतीही वस्ती नसलेले जंगलाचे मोठमोठे पट्टे आहेत. क्षेत्रफळाने मोजले तर रिकामे जंगल मोठे ठरते आणि काठावरचे गाव नगण्य ठरते. दुसरा दोष असा की दोन नकाशे वेगवेगळ्या स्रोतांतून आलेले असतील, तर प्रत्यक्षात एकच असलेली सीमारेषा दोन्हींवर काही फुटांनी सरकलेली असते. मग नदीच्या किंवा रस्त्याच्या कडेने लांबट, सुतासारख्या पट्ट्या तयार होतात आणि ज्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही असे मतदारसंघ व कॉलेज यादीत शेजारी येऊन बसतात.

म्हणून माणसे मोजावीत. प्रत्येक जनगणना ब्लॉकचा आतील एक प्रातिनिधिक बिंदू घ्यावा, तो कोणत्या कॉलेज-क्षेत्रात पडतो ते नोंदवावे, आणि त्याच ब्लॉकचा मतदारसंघ अधिकृत ब्लॉक-यादीतून जोडावा. नंतर मतदारसंघ आणि कॉलेज या जोडीनुसार लोकसंख्येची बेरीज करावी. अशा रीतीने ९९ ओळी आणि १६ स्तंभांचा तक्ता तयार होतो, ज्यातील बहुतांश चौकटी शून्य असतात. शाळा-क्षेत्राची रेषा कधीकधी ब्लॉकच्या मधून जाते, त्यामुळे ही रीत शंभर टक्के अचूक नसते. ज्या चौकटीत अगदी मोजकी माणसे दिसतात, ती चौकट नकाशावर डोळ्यांनी तपासल्याशिवाय ठेवू नये आणि वगळूही नये.

कॉलेज-क्षेत्राचा नीट नकाशा हाताशी नसेल, तर शाळा-क्षेत्रांचा मार्ग आहे. कोणते शाळा-क्षेत्र कोणत्या कॉलेजकडे जाते याची सारणी करून ती शाळा-क्षेत्रांच्या नकाशाला जोडावी. राज्यभराच्या भूखंड-नकाशात प्रत्येक भूखंडाचे शाळा-क्षेत्र नोंदलेले असते, त्यामुळे काठावरची शंका तेथे फेडता येते. मात्र एक अडचण हमखास येते. विस्कॉन्सिनमध्ये काही ठिकाणी प्राथमिक शाळा-क्षेत्रे वेगळी असून त्यांच्या वर एक ‘युनियन हायस्कूल’ क्षेत्र पसरलेले असते, जसे हार्टलंडजवळचे अॅरोहेड. जनगणना खात्याच्या फायलींत प्राथमिक, माध्यमिक आणि एकत्रित अशी क्षेत्रे स्वतंत्रपणे येतात. प्राथमिक व माध्यमिक दोन्ही एकत्र घेतली, तर त्या भागातील लोक दोनदा मोजले जातात.

नावांनीही घोटाळा होतो. निकोलेट नावाचे युनियन हायस्कूल मिलवॉकीच्या उपनगरात ग्लेनडेल येथे आहे, तर निकोलेट कॉलेज तेथून दूर उत्तरेस ऱ्हाइनलँडर येथे. नावावरून जोडणी केली, तर मिलवॉकीचे आमदार थेट उत्तरेच्या जंगलात जाऊन पडतील. मॅडिसन आणि मिलवॉकी या दोन्ही ठिकाणच्या कॉलेजांना लोक ‘एमएटीसी’ म्हणत आले आहेत. वायव्येकडील विस्कॉन्सिन इंडियनहेड टेक्निकल कॉलेज २०२१ पासून नॉर्थवुड या नावाने ओळखले जाते, त्यामुळे जुन्या सारण्यांतील नाव नव्याशी जुळत नाही. जोडणी नेहमी अधिकृत क्रमांकांवरून करावी आणि नावे शेवटी, केवळ वाचण्यासाठी, लावावीत.

टक्के कोणाच्या बाजूने?

तक्त्यातील प्रत्येक आकड्याला दोन अर्थ असतात. समजा, एका मतदारसंघात ५९,५०० लोक आहेत. त्यांतील ५७,००० कॉलेज ‘अ’ च्या क्षेत्रात आणि २,५०० कॉलेज ‘ब’ च्या क्षेत्रात राहतात. आमदाराच्या दृष्टीने ‘ब’ चा वाटा चार टक्क्यांहून थोडा अधिक आहे. ‘ब’ च्या क्षेत्रात एकूण दोन लाख लोक असतील, तर कॉलेजच्या दृष्टीने हा आमदार सव्वा टक्का लोकांचा प्रतिनिधी आहे. ‘या आमदाराला कोणत्या कॉलेजांचे प्रश्न माहीत असायला हवेत’ असे विचारायचे असेल तर पहिली टक्केवारी लागते, आणि ‘कॉलेजने कोणाकोणाला बोलवावे’ असे विचारायचे असेल तर दुसरी. एक टक्क्याच्या किंवा पाच टक्क्यांच्या आतले सर्व वगळण्याची पद्धत मला पटत नाही. ते २,५०० लोक ‘ब’ ला कर भरतात आणि त्यांचा आमदार तोच आहे. वगळायचेच असेल तर फक्त शून्य वस्तीची पट्टी वगळावी. शिवाय कॉलेजची इमारत ज्या मतदारसंघात आहे त्याच्यापुढे वेगळी खूण करावी, कारण समारंभ, पाहणी आणि भेटीगाठी यांच्या वेळी कॉलेजवाले प्रथम त्याच आमदाराकडे वळतात, पण क्षेत्रातील बहुसंख्य लोक अन्यत्र राहत असण्याची शक्यता असते.

तपासणी आणि तारीख

तयार तक्त्याची बेरीज चारही बाजूंनी लावून पाहावी. प्रत्येक ओळीची बेरीज त्या मतदारसंघाच्या लोकसंख्येइतकी, सर्व ओळींची बेरीज ५८,९३,७१८ इतकी आणि सोळा स्तंभांची एकत्र बेरीजही तितकीच आली पाहिजे. बेरीज कमी आली, तर काही ब्लॉक कोणत्याच क्षेत्रात पडलेले नाहीत. जास्त आली, तर युनियन हायस्कूलची चूक प्रथम शोधावी. त्यानंतर सीमेलगतचे दहा-वीस पत्ते निवडून त्यांची कराची नोंद आणि मतदारसंघ हाताने पडताळावेत.

नकाशा कोणत्या वर्षाचा आहे हे तक्त्याच्या शीर्षकातच लिहावे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०२३ रोजी ४ विरुद्ध ३ मतांनी तेव्हाचे मतदारसंघ रद्द केले, कारण असेंब्लीच्या किमान ५० आणि सिनेटच्या किमान २० मतदारसंघांत मुख्य भागापासून तुटलेली बेटे होती. राज्यपाल टोनी एव्हर्स यांनी १९ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या सीमांच्या कायद्यावर सही केली. त्यापूर्वीची कोणतीही यादी आता जशीच्या तशी वापरता येत नाही, कारण क्रमांक तेच राहूनही त्यांखालचा प्रदेश बदलला आहे. सिनेटच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे : सम क्रमांकाच्या जागांची निवडणूक नव्या सीमांवर नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, परंतु विषम क्रमांकाचे सिनेटर २०२२ मध्ये जुन्या सीमांवर निवडून आलेले असून त्या जागांसाठी नव्या सीमांवरची नियमित निवडणूक नोव्हेंबर २०२६ ची आहे. म्हणून त्या निवडणुकीपर्यंतच्या यादीत विषम क्रमांकाच्या प्रत्येक सिनेटरच्या नावापुढे त्याला निवडून देणाऱ्या सीमांचे वर्ष स्वतंत्र स्तंभात नोंदवावे.