जुन्या काळचा पौंड–रुपया दर कसा शोधावा

विलायतेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आजोबांची पत्रे, बँक ड्राफ्टच्या पावत्या आणि हिशेबाच्या वह्या घरातल्या जुन्या ट्रंकेत सापडतात, आणि त्यांनी पाठवलेल्या वीस पौंडांचे घरी किती रुपये मिळाले असतील, हा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी अचूक काढता येते, कारण 1975 पूर्वीच्या बहुतेक काळात हा दर बाजारात रोज ठरत नव्हता, तर सरकारने बांधून दिलेला होता.

म्हणून सर्वप्रथम कागदावरची तारीख पाहावी. नुसते वर्ष पुरत नाही. 1927 च्या कायद्याने एका रुपयाची किंमत 1 शिलिंग 6 पेन्स, म्हणजे 18 पेन्स ठरली. त्या काळी पौंडाचे 240 पेन्स होत असल्यामुळे 240 भागिले 18 केले की एका पौंडाचे 13.33 रुपये येतात. हा दर ठरण्यापूर्वी मोठा वाद झाला होता आणि मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भारताच्या चलनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाचे सदस्य असूनही 16 पेन्सच्या बाजूने भिन्न मत नोंदवले होते. तरीही एकदा ठरलेला दर पुढे 39 वर्षे टिकला. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पौंड 21 रुपयांवर गेला. 18 नोव्हेंबर 1967 रोजी ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, भारताने या वेळी त्याचे अनुकरण केले नाही, आणि पौंड 18 रुपयांवर उतरला. डिसेंबर 1971 मध्ये तो 18.9677 रुपयांवर बांधला गेला. याचा अर्थ असा की, लंडनहून 1965 मध्ये निघालेल्या 20 पौंडांचे 266.67 रुपये, जानेवारी 1967 मधल्या 20 पौंडांचे 420 रुपये आणि 1968 मधल्या 20 पौंडांचे 360 रुपये होतात. ‘साठच्या दशकातला दर’ असा एकच आकडा कोणी दिला, तर तो वापरू नये.

1927 च्या मागे जायचे असेल तर अधिक सावध राहावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून 1917 पर्यंत रुपया साधारणपणे 1 शिलिंग 4 पेन्सला, म्हणजे पौंड 15 रुपयांना होता. पुढच्या दहा वर्षांत मात्र दर इतका हलला की, 1920 मध्ये रुपया 2 शिलिंगांच्याही वर जाऊन वर्षभरात पुन्हा खाली आला. त्या वर्षांसाठी त्या त्या महिन्याचे वर्तमानपत्रच पाहावे.

दुसरी काळजी रक्कम वाचताना घ्यावी, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. ब्रिटनने दशमान चलन 15 फेब्रुवारी 1971 रोजी स्वीकारले; त्यापूर्वीच्या कागदावर ‘12–7–6’ असे लिहिलेले असेल तर ते 12 पौंड 7 शिलिंग 6 पेन्स असतात, 12.76 पौंड नव्हेत. आधी सगळ्याचे पेन्स करावेत: 12 गुणिले 240 म्हणजे 2880, सात शिलिंगांचे 84, वरचे 6, एकूण 2970. कागद 1927 ते 1966 या काळातला असेल तर याला 18 ने भागावे, की बरोबर 165 रुपये येतात. आपल्याकडे नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून आले, त्यामुळे त्याआधीच्या पासबुकात 13.33 रुपये हे 13 रुपये 5 आणे 4 पै असे दिसतील.

मिळालेला दर डॉलरच्या वाटेने पडताळून पाहावा. 1949 च्या सप्टेंबरपर्यंत पौंड 4.03 डॉलरचा होता, 13.33 ला 4.03 ने भागले की डॉलरचे सुमारे 3.31 रुपये येतात. स्वातंत्र्याच्या वेळी एक डॉलर म्हणजे एक रुपया होता, हा मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरणारा दावा या एका भागाकाराने खोटा ठरतो, आणि शिकलेली माणसेही तो पुढे पाठवतात याचे मला मनापासून वाईट वाटते. 1949 मध्ये पौंड 2.80 डॉलरवर आला, रुपयाही त्याच्याबरोबर उतरला आणि डॉलर 4.76 रुपयांचा झाला. पौंड–रुपया दर मात्र तसूभरही हलला नाही. 1966 नंतर डॉलर 7.50 रुपयांचा होता: 7.50 गुणिले 2.80 म्हणजे 21, आणि पौंड 2.40 डॉलरवर आल्यावर 18. हा मेळ बसला नाही, तर तारीख पुन्हा तपासावी.

सप्टेंबर 1975 पासून रुपया अनेक चलनांच्या समूहाशी जोडला गेला आणि बांधील दराची सोय संपली. 1970–71 पासूनच्या सरासरीसाठी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील वार्षिक सांख्यिकी पुस्तिका उत्तम आहे, पण तिच्यातले वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि सरासरी फसवी असू शकते. 1991–92 ची डॉलरची सरासरी 24.47 रुपये आहे. जुलैतल्या दोन अवमूल्यनांपूर्वी डॉलर 21 रुपयांच्या आसपास होता आणि नंतर 26 च्या आसपास. त्यामुळे एखाद्या व्यवहारासाठी त्या दिवसाचा संदर्भ दरच घ्यावा. रिझर्व्ह बँक तो पूर्वी स्वतः जाहीर करत असे. 10 जुलै 2018 पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते.

हे सर्व अधिकृत दर झाले. बँकेने प्रत्यक्ष दिलेली रक्कम खरेदी-विक्री दरातील फरक आणि हुंडणावळ (चलन बदलून देण्याचे बँकेचे शुल्क) वजा होऊन थोडी कमी भरते. म्हणून वहीत नोंद करताना ‘मार्च 1964, 20 पौंड, बांधील दर 13.33, रुपये 266.67, बँकेची हुंडणावळ वजा केलेली नाही’ इतके सगळे एका ओळीत लिहावे आणि मूळ पावती त्याच पानाला जोडून ठेवावी.