डिजिटल फॉरेन्सिक्स शिकायचंय? जुना पेन ड्राइव्ह काढा

टूल्सच्या याद्या पाठ करण्याआधी कमी क्षमतेचा एक जुना पेन ड्राइव्ह घ्या. एफएटी३२ या फाइल सिस्टिममध्ये (फाइली साठवण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट करा, त्यावर चार-पाच जेपेग फोटो टाका आणि एक कायमचा डिलीट करा. आता एफटीके इमेजर या टूलने किंवा लिनक्सवरच्या डीडी कमांडने संपूर्ण ड्राइव्हची इमेज, म्हणजे बाइटन् बाइट नक्कल, बनवा आणि तिचा एसएचए-२५६ हॅश (इमेज बदलली तर बदलणारा डिजिटल ठसा) लिहून ठेवा. पुढचं सगळं काम इमेजच्या प्रतीवरच, मूळ ड्राइव्हला हात लावायचा नाही. खऱ्या तपासात तर तो राइट ब्लॉकरशिवाय (ड्राइव्हवर काहीही लिहू न देणाऱ्या साधनाशिवाय) जोडतसुद्धा नाहीत.

प्रत हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा. डिलीट केलेल्या फाइलच्या नोंदीतला पहिला बाइट ई५ झालेला दिसेल. फोटो मात्र जागच्या जागी! एफएफ डी८ एफएफ हे बाइट शोधा, जेपेगची सुरुवात सापडेल. (जुन्या ड्राइव्हवर आधीचे विसरलेले फोटोही हाती लागतात, म्हणून ड्राइव्ह स्वतःचाच घ्या.) हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ऑटोप्सी हे फॉरेन्सिक टूल फाइल परत कशी आणतं, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवातीला एसएसडी नको. ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा मोकळी करायला एसएसडीला सांगणाऱ्या कमांडमुळे) तिथला डिलीट केलेला डेटा बहुधा हाती लागत नाही. हात बसला की एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या सीएफआरईडीएस या संग्रहातल्या सरावाच्या मोफत इमेज घ्या.