खडीगंमतीत झील धरायची तर

दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडं मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की रात्री खडीगंमत, म्हणजे उभ्यानं रंगणारं लोकनाट्य, उभी राहते. शाहिरामागं झील, म्हणजे सुरात साथ, धरणारा झीलकरी व्हायचं असेल तर आधी ऐका, बाप्पा. शाहीर जी ओळ सोडतो तिचा शेवटचा शब्द पकडा, डफाच्या थापेवर उचला. सूर तुणतुण्याचा, आपल्या मनाचा नाही. गाणं येतं हो साऱ्यांना. पण हसू आवरत नाही. बाईच्या वेषातला नाच्या लुगड्याचा पदर सावरत सरपंचाला टोमणा मारतो, लोक लोळतात, तेव्हा आपण दम धरायचा. हशा उतरायला लागला की झील उचलायची. पुरता थांबू दिला तर रंग गेला.

ऐकणाऱ्यांनी बसायला बोरा (पोतं) अन् घोंगडी आणावी, ढोलकीच्या बाजूला बसावं. भोंग्यासमोर बसलात तर सवाल-जवाबातली अर्धी गंमत बुडाली. शिट्ट्या खुशाल मारा, पण जवाब संपल्यावर.