चाळीस हजारांचं अनुदान आणि साठ उत्तरपत्रिका

माझा पहिला प्रस्ताव परत आला तेव्हा मला राग आला होता. विद्यापीठाने प्राध्यापकांसाठी छोटं अनुदान काढलं होतं. विद्यार्थी काय शिकले हे तपासण्याची तुमची पद्धत सुधारा, मर्यादा ४०,००० रुपये. मी एक लॅपटॉप आणि एक प्रिंटर मागितला, वर दोन पानं नव्या शैक्षणिक धोरणाची आरती ओवाळली. समितीतल्या एका सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "मॅडम, यात पोरगं कुठं आहे?"

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. अकरा वर्षं झाली. आमच्या सिनियर लोकांच्या काळी यूजीसीचे लघु संशोधन प्रकल्प असायचे, त्यामुळे अनुदान म्हटलं की उपकरण, रसायनं आणि शेवटी एक शोधनिबंध, हेच डोक्यात बसलेलं. हे अनुदान तसलं नाही. इथे जगाला नवीन काही सांगायचं नसतं. आपल्याच वर्गात काय होतंय ते बघायचं असतं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत अशी छोटी अनुदानं विभागांना मिळतात, आणि तिथेही मानांकनाचा धाक हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. आपल्याकडे नॅक, म्हणजे कॉलेजांना मानांकन देणारी संस्था, तिच्या आजवरच्या ७ निकषांत अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन हा दुसरा. त्याच्यापायी आपण सीओ-पीओचे, म्हणजे विषयातून आणि अख्ख्या अभ्यासक्रमातून विद्यार्थ्याला काय यायला हवं याचे तक्ते भरतो. कसे भरतो, ते आपल्याला माहीत आहे.

पुढच्या वर्षी प्रस्ताव लिहिण्याआधी मी कपाटातले युनिट टेस्टचे जुने पेपर काढले. दरवर्षीचा ठरलेला प्रश्न, प्युअर लाइन सिलेक्शन (एकेका निवडक रोपाची संतती वेगळी वाढवून वाण काढण्याची पद्धत) स्पष्ट करा, १० गुण. पोरांनी ही कल्पना मांडणारा शास्त्रज्ञ जोहानसेन लिहिला होता, १९०३ लिहिलं होतं, राजम्याच्या बिया लिहिल्या होत्या. बहुतेकांना ७-८ गुण. मग एका दुपारी वर्गात सहज विचारलं, एचएमटी धान कसा तयार झाला?

चिडीचूप. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे खेडं आमच्यापासून फार लांब नाही. तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा पुन्हा निवडल्या. त्यातून उभा राहिलेला वाण म्हणजे एचएमटी, तो अर्ध्या वर्गाच्या घरी शिजतो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "थो त आमच्या घरचा धान आहे जी मॅडम, पेपरात थोडीच येते."

माझा प्रस्ताव तिथेच तयार झाला. पाठ केलेली व्याख्या आणि वापरता येणारी संकल्पना, यांतला फरक माझा १० गुणांचा प्रश्न ओळखतो का? एवढा एकच प्रश्न, एकच वर्ग, साठ विद्यार्थी. नव्याने रुजू झालेल्यांना माझं पहिलं सांगणं हेच की प्रश्न इतका लहान करा की तो ऐकून शेजारचा प्राध्यापक हसेल. "ग्रामीण विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाचा चिकित्सक अभ्यास" असलं काही लिहिलंत तर चाळीस हजारांत त्याचं मुखपृष्ठही होणार नाही.

आणि विद्यापीठाच्या परीक्षेला हात लावू नका. ती तुमच्या हातात नाही. अंतर्गत गुण, युनिट टेस्ट, असाइनमेंट, प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा, यातलं काहीतरी धरा.

अंदाजपत्रक असं होतं: बाहेरच्या कॉलेजांतले चार प्राध्यापक, प्रत्येकी तीन दिवस, दिवसाला १,५०० रुपये मानधन, म्हणजे १८,०००. त्यांचा प्रवास ६,०००. एक दिवसाची कार्यशाळा चहा-जेवणासह ८,०००. झेरॉक्स, कागद, छपाई ५,०००. लेखापरीक्षण आणि किरकोळ ३,०००. यंत्र एकही नाही. मी पैसे मागितले ते उत्तरपत्रिका दोनदा वाचायला लागणाऱ्या वेळेसाठी, कारण आपल्या व्यवसायात तीच गोष्ट कोणी कधी विकत घेत नाही. आमचे बाबू गोंधळले. "मॅडम, पण डेडस्टॉक रजिस्टरला काय चढवू जी?" काहीच नाही, ते रजिस्टर टिकाऊ वस्तूंचं. मात्र मानधन कोणाला देता येतं हे नियमावलीत आधी वाचून घ्या. बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या कॉलेजातल्या कायम प्राध्यापकाला ते चालत नाही, आणि तासिका तत्त्वावरच्या मंडळींबाबत प्रत्येक कार्यालय वेगळं बोलतं. लेखी उत्तर मागा.

आता काम. आधी जुन्याच प्रश्नाची चाचणी घेतली, नावं झाकून झेरॉक्स काढल्या, आणि वीस उत्तरपत्रिका आम्ही पाच जणांनी एकमेकांना न दाखवता तपासल्या. एकाच उत्तराला एका सरांचे ८ आणि दुसऱ्या मॅडमचे ४. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मॅडमनी इंग्रजी मोडकं म्हणून गुण कापले होते, सरांनी आकृती बघून दिले होते. आमची पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं निम्मं मराठीत, आणि घरी झाडीबोली. त्या पोराला निवड पद्धत समजली होती की नाही, हे दोघांच्याही गुणांवरून कळत नव्हतं.

मग रुब्रिक बनवली, म्हणजे कशाला किती गुण हे आधीच ठरवणारा तक्ता. पहिल्या खर्ड्यात नऊ निकष होते. एक उत्तरपत्रिका तपासायला पंचवीस मिनिटं लागली, तेव्हा तो फाडला. शेवटी चार राहिले: मूळ पिकातला फरक ओळखला का, निवडलेल्या रोपांची संतती वेगळी वाढवली का, पुढच्या पिढ्यांत स्थिरता तपासली का, आणि मांडणी. भाषेचे गुण फक्त शेवटच्यात. उत्तर मराठीत लिहायची मुभा दिली. प्रश्नही बदलला: तुमच्या बांधीत एखादी लोंबी वेगळी दिसली, तर तिच्यापासून वाण तयार करायला तुम्ही काय काय कराल, आणि का? नव्या तक्त्याने तपासलं तेव्हा आमच्यातला फरक बहुतेक उत्तरांत एका गुणावर आला. वर्गाची सरासरी मात्र घसरली. हे अहवालात लिहायला हात कचरत होता. लिहिलं.

बहुपर्यायी आणि चूक-बरोबर प्रश्नांचं विश्लेषण याहून सोपं आहे आणि फुकट होतं. वर्गाला एकूण गुणांनुसार लावा, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या. साठात ते सोळा-सोळा होतात. दोन्ही गटांतली बरोबर उत्तरं मिळवून बत्तीसने भागली की काठिण्य निर्देशांक, म्हणजे प्रश्न किती सोपा-अवघड. वरच्यांतून खालची वजा करून सोळाने भागली की भेदन निर्देशांक, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्ची पोरं वेगळी ओळखतो का. माझा एक प्रश्न होता, "धानात परपरागीकरण होत नाही, चूक की बरोबर?" माझ्या उत्तरसूचीत "बरोबर". वरच्या गटात ५ जणांचं उत्तर सूचीशी जुळलं, खालच्या गटात ११ जणांचं. काठिण्य ०.५०, म्हणजे वरवर आदर्श प्रश्न. भेदन उणे ०.३८. हुशार पोरं चुकत होती, कारण धान स्वपरागी, म्हणजे आपल्याच परागकणांनी फळणारा असला तरी अगदी थोडं परपरागीकरण होतंच, हे त्यांनी वाचलं होतं. चूक माझी होती, आणि तो प्रश्न मी चार वर्षं विचारत होते.

वेळापत्रकात मी आपटले. पहिली चाचणी ऑगस्टच्या सुरुवातीला ठेवली होती. रोवणी सुरू, वर्गात सव्वीस जण. जे आले ते गावातच राहणारे, शेती नसलेले. ज्यांच्याबद्दल मला माहिती हवी होती ते चिखलात उभे. सगळं सप्टेंबरात पुन्हा घेतलं. दुसरी चाचणी धान कापणीच्या आत उरकायची म्हणून ऑक्टोबरात, आणि दुपारी तीनच्या आत, कारण आमच्या जंगलाच्या वाटेवर वाघ आहे आणि शेवटच्या एसटीनंतर मुलींना थांबवणं शक्य नाही. प्रस्तावाचा नमुना भरताना "कालावधी" या रकान्यात खरीप, मोहाचा हंगाम, परीक्षा सगळं डोळ्यांसमोर ठेवा. अनुदान जानेवारीत आलं आणि ३१ मार्चला संपवायचं असलं, तर चाचण्या आधी पदरमोड करून घेऊन ठेवाव्या लागतात, आणि त्या खर्चाची बिलं मंजुरीच्या तारखेआधीची म्हणून नाकारली जातात.

बिलांत तर मीच मार खाल्ला. झेरॉक्सवाल्याला रोख दिले, त्याने कच्च्या कागदावर तारीख न घालता लिहून दिलं. लेखापरीक्षणात आक्षेप आला आणि २,३०० रुपये माझ्या खिशातून गेले. पक्कं बिल, कॉलेजच्या नावाने, चेकने. कार्यशाळेच्या जेवणासाठीही तीन कोटेशन आणि तुलनात्मक तक्ता मागितला गेला. गावात खानावळी दोनच. शेवटी तिसरं कोटेशन पंचवीस किलोमीटरवरून आणलं, त्याचा पेट्रोलचा खर्च कुठल्याच हेडमध्ये बसत नव्हता.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागले याचा दाखला, आणि अहवाल एकत्रच तयार करा. अहवालाला जुना प्रश्न, नवा प्रश्न, रुब्रिक आणि नावं झाकलेल्या तीन उत्तरपत्रिका जोडा: एक चांगली, एक मधली, एक फसलेली. समितीने माझ्या अहवालातलं तेवढंच वाचलं, हे नंतर बोलताना लक्षात आलं.

प्रवासाचे १,१४० रुपये उरले. ते विद्यापीठाला परत करायचं पत्र घेऊन गेले तर बाबू म्हणाले, "परत कायले करता जी, पेन आणून टाकू." पत्र पाठवलं. पावती यायला पाच महिने लागले. यंदाचा प्रस्ताव प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेवर आहे: पोरं गप्प बसतात ते येत नाही म्हणून, की आमच्यासमोर बोलायचं कसं हे कळत नाही म्हणून. मागच्या बाकावरची ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्नांचा पहिला खर्डा मी तिच्याकडून तपासून घेतला.