लेख दुसऱ्याकडून लिहून घेताना
कामाच्या धबडग्यात सवड मिळत नाही म्हणून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करायचे लेख पडद्याआडच्या लेखकाकडून लिहून घेणाऱ्या सनदी लेखापालाने त्याला नुसता विषय कळवू नये. वीस मिनिटे मोकळेपणाने बोलून त्याचे ध्वनिमुद्रण द्यावे. ‘जीएसटी विवरणपत्र’ एवढ्यावर लेखक इंटरनेटवरचेच चार परिच्छेद फिरवून देतो, पण ‘पुरवठादाराने बिल चढवलेच नाही, मग माझे क्रेडिट अडकले का?’ हा खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीबद्दलचा दुकानदाराचा प्रश्न त्याच्याच शब्दांत पोहोचला, तर लेखाला तुमचा आवाज येतो.

मानधनापेक्षा घोळ होतो तो हक्कांचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकाच्या मजकुराचा पहिला हक्क सामान्यतः त्याचाच असतो. पैसे चुकते केले म्हणून तो आपोआप तुमच्याकडे येत नाही, त्यासाठी सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल, तर ती ५ वर्षेच धरली जाते. क्षेत्राचा उल्लेख राहिला, तर हक्क भारतापुरतेच मिळतात. लेखकाचे नाव गुप्त ठेवण्याची अटही (ती बहुतेक जण तोंडीच ठरवतात) याच कागदावर घ्यावी. मसुद्यातले कराचे दर आणि कलमांचे क्रमांक मात्र प्रसिद्धीपूर्वी स्वतः तपासावेत.