म्हैसमाळला गेलो आणि शहराचा उजेड टिपून आलो : आकाशगंगेच्या फोटोतल्या या चुका टाळा

नॉर्दर्न लाइट्सचे फोटो पाहून आपण हळहळतो. पण नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सगळ्यांत उजळ भाग, कधी उगवतच नाही. आपल्याकडं एप्रिलच्या मध्यात तो रात्री साडेअकराच्या सुमारास आग्नेयेला वर येतो आणि पहाटे दक्षिणेत ४० अंशांच्या वर चढतो. (मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेपर्यंत नॉर्दर्न लाइट्सची लाल झाक टिपली गेली होती. मराठवाड्यात तेवढी आशा धरू नका.)

माझी पहिली चूक दिशेची. संभाजीनगरहून जवळ, उंच आणि गार म्हणून म्हैसमाळ गाठलं. अमावास्याही पाहिली होती. पण म्हैसमाळहून शहर येतं आग्नेयेला, म्हणजे गाभा उगवतो त्याच बाजूला! रात्रभर पिवळट धुरकट पट्टा टिपला. पुढच्या खेपेला बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याहून पाटोद्याकडं वळलो. शहर उत्तरेला मागं राहिलं आणि फरक नुसत्या डोळ्यांनाही कळला. जागा कोणतीही निवडा, दक्षिणेला गाव नको.

तारे लोकरीच्या गोळ्यांसारखे आले, तर दोष फोकसचा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, ठळक तारा मोठा करून हातानं फोकस लावा. एसी गाडीतून काढलेली लेन्स बाहेरच्या हवेत रुळली, की पुन्हा तपासा. तारे लांबुळके आले, तर शटर जास्त वेळ उघडं राहिलं. ५०० ला लेन्सच्या फोकल लेन्थनं भागा, येतील तेवढेच सेकंद शटर उघडं ठेवा : फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमीला साधारण २० सेकंद. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर त्याहून कमी. एफ २.८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ ३२०० (सेन्सरची संवेदनशीलता) पासून सुरुवात करा, रॉमध्येच, म्हणजे कच्च्या फाइलमध्येच घ्या. अंधारात स्क्रीनवर फोटो उजळ वाटतो, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख पाहा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, टायमर २ सेकंदांचा.

मोबाइल सारखा उघडू नका. डोळ्यांना अंधार सरावायला अर्धा तास लागतो. लाल उजेडाची बॅटरी वापरा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालात, तर टेललाइट नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा. रिफ्लेक्टर जवळ गेल्यावरच दिसतो, तोही असला तर.

आणि परवानगी. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं आमच्यावर बॅटरी मारली, "कोण हाव तुम्ही? काय करायलाव हितं?" वीस सेकंदांची फ्रेम पांढरी झाली. ओळख सांगितली, स्क्रीनवर आकाशगंगा दाखवली. ते म्हणाले, "ही तर रोजच असती की." आता दिवसाउजेडीच बांधावर जाऊन विचारून ठेवतो.